एक्केचाळीस नावं

कोर्टाच्या मागच्या जिन्यात सकाळी कधीच कुणी नसतं, म्हणून मी तिथे उभी राहून भिंतीपुढे माझा युक्तिवाद म्हणत होते. मार्च महिना. बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या कोटांचा वास... माझा हा पहिलाच मोठा खटला, आणि घाबरले की मी धाप लागेपर्यंत बोलत सुटते. शेवटचं वाक्य संपवून मी श्वास घेतला, तेवढ्यात खालच्या वळणावरून आवाज आला.

"तीनशे दहा."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पायरीवर एक तरुण बसला होता — माझ्यासारखाच काळा अमेरिकन, लांब बोटांचा, करड्या सुटातला. मांडीवर कागद पसरून तो हॅम घातलेला पाव खात होता.

"काय तीनशे दहा?"

"शब्द. मिनिटाला. मला दोनशे साठपर्यंत जमतात. त्याच्यापुढे तुम्ही जे काही बोलाल ते..." त्याने बोटांवरचे कण झटकले. "वाऱ्यावर."

"मी तुमच्याशी बोलत नव्हते."

"आत्ता नाही. दहा वाजता बोलाल. मी या कोर्टाचा लघुलेखक आहे. सगळं बोलणं यंत्रावर टिपतो." तो उठला, कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि जाता जाता वर बघून म्हणाला, "भाषण चांगलं आहे. लिहून घ्यायला आवडेल. संधी दिलीत तर."

मला राग आला. आणि राग ओसरल्यावर लक्षात आलं की छातीतली धडधड थांबली होती.

माझं नाव डेल्फीन रफिन. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि व्हर्जिनियातल्या कॉलियर्स फोर्ड गावच्या माउंट नेबो चर्चची वकील होते. चर्चमागच्या टेकडीवर एक जुनी दफनभूमी आहे. शेजारच्या मळ्यावर जे गुलाम राबले, ते तिथे पुरलेले. कोरीव दगड एकही नाही. उभे केलेले धोंडे, कबरीच्या खुणेला लावलेली युकाची झुडपं, आणि पावसाळी दिवसात खचलेली जमीन. काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, तिथून रस्ता न्यायचा होता. दुसऱ्या कुणाच्या कबरी असत्या तर वारसांना नोटीस, सुनावणी, सगळं रीतसर झालं असतं. या कबरींना कायद्याच्या नजरेत वारसच नाहीत, असं काउंटीचं म्हणणं.

त्यांचा वकील प्रेस्टन हॅलोवे. रुपेरी केस, मधात बुडवलेला आवाज. तो न्यायमूर्ती व्हिटलॉकना समजावत होता की घटनेतल्या शब्दांचा अर्थ तोच घ्यायचा, जो घटनाकारांच्या मनात होता. आणि घटनाकारांच्या मनात, दुर्दैवाने, गुलामांच्या कबरींना मान देण्याचा विचार नव्हता. 'दुर्दैवाने' हा शब्द तो फार सुरेख उच्चारायचा.

माझी पाळी आली. मी म्हणाले की या घटनाकारांनी मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेच लिहिलेला नाही. लाज म्हणा, धूर्तपणा म्हणा. दक्षिणेच्या जागा वाढवायला पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायचं ठरलं, तेव्हाही त्यांनी 'इतर व्यक्ती' असंच लिहिलं. आणि चारच वर्षांत त्याच घटनेत भर घातली, की रीतसर प्रक्रियेशिवाय कुठल्याही व्यक्तीचं काही हिरावून घ्यायचं नाही. मग मोजताना व्यक्ती, आणि पुरताना नाही?

न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "पण मिस रफिन, त्यांच्या मनात ही माणसं होती का?"

"त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, युअर ऑनर. त्यांच्या हातून काय लिहिलं गेलं ते माहीत आहे."

करड्या सुटातला हात वर झाला.

"मॅडम, जरा सावकाश," लघुलेखक टोबायस गिलियम म्हणाला. चेहरा दगडासारखा. "हे वाक्य मला नीट हवंय."

मी ते पुन्हा म्हटलं. सावकाश. त्याच्याकडे बघत.

दुपारच्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी तो माझ्या मागे उभा होता. त्याने विचारलं, एक बोलू का — रेकॉर्डबाहेर.

"बोला."

"ज्यांनी माणसं विकत घेतली, त्यांनाच तुम्ही विचारताय की आमच्या पणज्यांना झोपू द्याल का. मी त्या लोकांना साधा रस्तासुद्धा विचारणार नाही."

हे मी आधीही ऐकलं होतं. माझे वडील हेच म्हणायचे. अठराशे सत्तावन्न साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच घटनाकारांच्या मनात डोकावून निकाल दिला होता की काळ्या माणसाचा या देशावर काही हक्कच नाही. तेव्हापासून कुणी 'घटनाकारांचं मनोगत' म्हटलं की आमच्या घरात लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात.

"मी विचारत नाहीये," मी म्हणाले. "मी त्यांना त्यांच्या सहीला बांधतेय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"ते मेलेत. नाही म्हणायला त्यांना हॅलोवे लागतो."

तो हसला. मान मागे टाकून, मनापासून. मग एकदम गंभीर झाला आणि जरा मागे सरकला. म्हणाला की तो माझ्याबरोबर कॉफी घेणार नाही, दारापर्यंत सोबत येणार नाही, नमस्कारसुद्धा बेताचाच करेल. उद्या त्याच्या नोंदीवर कुणी बोट ठेवायला नको.

"निकाल लागेपर्यंत मी तुमचा कुणी नाही."

"आत्ता तरी कोण आहात?"

तो कॉफी न घेताच कोर्टाकडे वळला.

माझ्या मुख्य साक्षीदार होत्या मिस अर्नेस्टीन टिन्स्ली. एक्याऐंशी वर्षांच्या, चर्चमधल्या सगळ्यांत वयस्कर. जांभळी हॅट, हातात काठी, आणि नजर अशी की काहीच सुटायचं नाही. तिसऱ्या दिवशी गाडीत बसता बसता त्यांनी मला सुनावलं.

"तो यंत्रवाला मुलगा, हॅलोवे बोलताना खाली बघतो. तू बोलताना मात्र वर बघतो."

मी समजावलं की शब्द नीट कळावेत म्हणून लघुलेखक ओठ बघतात, त्यांच्या कामाचाच भाग आहे तो.

"असं का," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "ओठच बघत होता म्हणायचं मग."

चौथ्या दिवशी त्या साक्षीला उभ्या राहिल्या. मी एकच विचारलं: त्या टेकडीवर कोण आहे?

दर मे महिन्यात माउंट नेबोचे लोक टेकडीवर जमतात आणि मेलेल्यांची नावं म्हणतात. मिस अर्नेस्टीनना ती आईने शिकवली, आईला तिच्या आईने. कुठे लिहिलेली नव्हती. तोंडातून तोंडात आली होती. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"कजो. कजोची फिलिस. त्यांची मुलगी बिना, जी पाचव्या वर्षी गेली. लंडन, लोहार होता तो..."

हॅलोवे हरकत घेत उठला. साक्षीदाराच्या भावनांचा त्याला आदर होता, पण प्रश्न घटनाकारांना काय वाटत होतं हा आहे. ही नावं काही घटनाकारांची नाहीत, त्यांचा इथे संबंध नाही. न्यायमूर्ती म्हणाले, हरकत मान्य.

मिस अर्नेस्टीन थांबल्या नाहीत. "...जूबा. जूबाचा भाऊ प्रिन्स..."

"मॅडम, पुरे."

"...थोरली हॅना. धाकटी हॅना..."

न्यायमूर्तींचा चेहरा लाल झाला. पोलिसाने एक पाऊल पुढे टाकलं. पण जांभळ्या हॅटमधल्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईला हात लावायचा कसा, ते त्याला सुचेना. न्यायमूर्ती लघुलेखकाकडे वळले.

"मिस्टर गिलियम, हे रेकॉर्डवर घेऊ नका."

यंत्राची मऊ टकटक चालूच राहिली. टोबायस मान वर न करता म्हणाला, "युअर ऑनर, भर कोर्टातलं कामकाज लिहायचं थांबवायचं तर दोन्ही पक्षांची संमती लागते. मिस्टर हॅलोवे?"

"आहे."

"मिस रफिन?"

आता त्याने मान वर केली. सात वर्षांची नोकरी त्याच्या बोटांखाली होती. 'मला वाचवा' असं तो सांगत नव्हता. विनवत तर नव्हताच. फक्त बघत होता... आणि मला कळलं की मी काय म्हणणार ते त्याला ठाऊक आहे, आणि त्याला तेच हवंय.

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात इतकं सावकाश मी कधीच काही बोलले नव्हते.

"मग मी लिहितोय," टोबायस म्हणाला.

मिस अर्नेस्टीननी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं म्हटली. शेवटचं त्यांच्या खापरपणजोबांचं, सायलस टिन्स्ली. जन्माने गुलाम. यादवी युद्धानंतर आमच्या लोकांना मताचा हक्क मिळाला तेव्हा चौदा मैल चालत जाऊन त्याने मत दिलं होतं, हे त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि मी ते उचललं. मी न्यायमूर्तींना म्हणाले की राज्यांवर बंधन घालणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीत तोच शब्द पुन्हा आला, 'कुठलीही व्यक्ती', आणि तोच या काउंटीला बांधतो. व्हर्जिनियात ती दुरुस्ती ज्या विधानसभेने मान्य केली, ती निवडणाऱ्यांत सायलस होता. तुम्ही ज्यांचं मनोगत शोधताय, त्यांच्यातला एक त्या टेकडीवर आहे. त्याला काय वाटत होतं, ते कोण विचारणार?

न्यायमूर्तींनी कामकाज तहकूब केलं.

साक्ष संपली की नावांची स्पेलिंगं नक्की करायची असतात. तो लघुलेखकाच्या कामाचाच भाग. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी, मिस अर्नेस्टीन आणि टोबायस. नियम म्हणून हॅलोवेचा सहायकही बसला, फोनमध्ये डोकं घालून. टोबायसने पहिल्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

"कुणी कधी विचारलंच नाही, बाळा," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "त्यांना लिहायला शिकवणंसुद्धा गुन्हा होता."

त्याने मान हलवली. मग एकेक नाव तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचा आणि कागद त्यांच्यापुढे धरायचा. त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या, तोंडातल्या तोंडात म्हणून बघायच्या, आणि मग होकार द्यायच्या. बिनाच्या नावापाशी थांबल्या.

"शेवटी एच लाव," त्या म्हणाल्या. "श्वास सोडल्यासारखं वाटतं."

त्याने लावलं. खाली वाकून, जिभेचं टोक दातात धरून, शाळेतल्या मुलासारखं. घाई नाही. एक्केचाळीस नावांना दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र दुसरीकडे कुठेच बघू शकले नाही. माझं जे व्हायचं होतं ते त्या बाकावर झालं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. आम्ही हरलो. न्यायमूर्तींनी सहानुभूती व्यक्त केली होती, अगदी अर्धं पान. पण घटनाकारांच्या काळी अशा कबरींना संरक्षण देण्याची रीत नव्हती, म्हणून आजही नाही. मी त्याच दिवशी अपील केलं, आणि अपील कोर्टाने निर्णय होईपर्यंत बुलडोझर थांबवले.

कागदपत्रं दाखल करायला गेले तर व्हिटलॉकच्या कोर्टातल्या यंत्रापुढे दुसरीच बाई. टोबायसची बदली झाली होती. पलीकडे डोंगरात, नव्वद मैलांवर. कारण कुणी सांगत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत होतं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. माझ्या एका 'नाही'पायी त्याचं घर, त्याचं गाव... फोन करायचा धीर झाला नाही. काय सांगणार होते?

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही टेकडीवर गवत काढायला जमलो होतो. डॉगवूडचं झाड पांढरं फुललं होतं, चर्चच्या बायका लांब टेबलावर तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड मांडत होत्या. मी हातात विळा घेऊन उभी राहिले आणि बघते तर खालून टोबायस चढून येतोय. बाह्या दुमडलेल्या. हातात स्वतःचं फावडं.

मी तयार करून ठेवलेली सगळी माफी एका दमात म्हणून टाकली. तुमची नोकरी, माझ्यामुळे, मी विचार करायला हवा होता...

तो माझं संपेपर्यंत थांबला.

"तुमच्या कोर्टात आता मी नाही," तो म्हणाला. "तुमच्या खटल्याशी माझा काही संबंध उरला नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

"सगळे म्हणतात शिक्षा झाली." त्याने फावडं जमिनीत रोवलं. "बदलीचं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की आता मी तुला कॉफी विचारू शकतो."

टेबलापाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मिस अर्नेस्टीनची काठी असणार. त्यांनी ती मुद्दामच टाकली असं आजही मला वाटतं.

"नव्वद मैल आलास," मी म्हणाले, "कॉफीसाठी?"

"नाही." तो थांबला. "सात वर्षं मी लोकांचं बोलणं लिहितोय, डेल्फीन. मला स्वतःला कधी काही बोलावंसं वाटलंच नाही. त्या दिवशी तू 'नाही' म्हणालीस... आणि माझ्या मनात आलं, या बाईच्या शेजारी उभं राहायचंय. कुठेही. काहीही होवो."

मी विळा खाली ठेवला, मातीचे हात स्कर्टला पुसले आणि त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्याच्या सदऱ्याला इस्त्रीचा आणि घामाचा वास येत होता.

वर्षभर तो दर शुक्रवारी डोंगर उतरून यायचा. आम्ही भांडायचो, फार छान भांडायचो. तो म्हणायचा, त्या लोकांच्या शब्दांवर एवढा भरवसा ठेवू नकोस. मी म्हणायचे, शब्द त्यांचे राहिलेच नाहीत, आपण ते वापरून वापरून आपले केलेत. त्याला ते पटायचं नाही. माझ्यासाठी अंडी मात्र मला हवी तशीच तळायचा.

अपील कोर्ट नवी साक्ष ऐकत नाही. खाली जे रेकॉर्डवर आलं तेवढंच बघतं. राजधानी रिचमंडला सुनावणी झाली तेव्हा तिघा न्यायमूर्तींपैकी एक बाई नोंदीची पानं उलटत होत्या. हॅलोवे मधाळ आवाजात सांगत होता की या अनामिक मृतांबद्दल...

"अनामिक?" बाई म्हणाल्या. "पान दोनशे बारा. मला इथे नावं दिसतात, मिस्टर हॅलोवे." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सगळी नाही. सात-आठच. पण बिना त्यात होती.

दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. व्यक्ती म्हणजे व्यक्ती, असं त्यांनी लिहिलं. वारसांचं ऐकल्याशिवाय टेकडीला कुदळ लागणार नाही. काउंटीने सुनावणीची वाट पाहिली नाही, रस्ताच वळवला. माउंट नेबोत त्या रविवारी प्रार्थना तीन तास चालली, आणि तिसऱ्या तासाला मिस अर्नेस्टीननी भर चर्चमध्ये टोबायसला विचारलं की तो कशाची वाट बघतोय.

म्हणून जूनमधल्या एका गुरुवारी आम्ही काउंटीच्या कचेरीत लग्नाचा परवाना काढायला उभे होतो. शनिवारी लग्न. माझा ड्रेस शिवून झालेला, केक अर्धा भाजलेला. काउंटरमागच्या बाई प्रेमळ होत्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. नाव. वय. पत्ता. आणि मग एक रकाना: वंश.

मी विचारलं, हे कशाला हवंय?

"कायदाच आहे, हनी. मी नाही केलेला."

कुठल्या काळी केला ते मला पाठ होतं, आणि कशासाठी तेही: काळ्या-गोऱ्यांची लग्नं रोखायला. पण मी दमले होते. दोन वर्षं मी भांडत होते, आणि आता मला फक्त या माणसाशी लग्न करायचं होतं. मी पेन उचललं.

टोबायसने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला माझा वंश माहीत आहे," तो त्या बाईंना शांतपणे म्हणाला. "मला तो लपवायचाही नाही. पण हिच्याशी लग्न करायला तो मी तुम्हाला सांगणार नाही."

मी त्याच्या कानाशी लागले. म्हटलं, तासाभरावर नॉर्थ कॅरोलिना आहे, तिथे हे विचारत नाहीत, तीन वाजेपर्यंत परत येऊ.

"नाही," तो म्हणाला. "इथंच."

बाई म्हणाल्या की मग परवाना मिळणार नाही. त्यांना वाईट वाटत होतं. आवाजावरून खरंच वाटत होतं. टोबायसने त्यांचे आभार मानले आणि भिंतीशी असलेल्या लाकडी बाकावर जाऊन बसला.

"ऑफिस पाचला बंद होतं," बाई म्हणाल्या.

"उद्या आठला उघडतं ना?"

मी त्याच्यापुढे उभी राहून हळू आवाजात विचारलं की शनिवारचं काय. तो म्हणाला, शनिवारी लोक येतील, जेवतील, नाचतील. कागदाचं काय ते तू बघशील. वकील तू. या वेळी पक्षकार मी.

मला हसू आलं, आणि का कोण जाणे डोळेही भरून आले. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने हात पुढे केला, तळवा वर करून, आणि मी त्यात माझा हात ठेवला. काउंटरमागच्या बाई फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होत्या की इथे दोघं बसलेत... आणि उठत नाहीत.